घोडा का अडला?

भाकरी का करपली? विड्याची पाने का सडली? घोडा का अडला? बिरबलाच्या नावावर सांगितले जाणारे हे तिहेरी कोडे ज्याने लहानपणी ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरविल्यामुळे. उत्तर कळले की मुले हसतात आणि पुढच्या कोड्याकडे वळतात. मीही तसाच वळलो होतो. पुढे कित्येक वर्षांनी, नातवंडांना हेच कोडे घालताना, त्यातली एक गोष्ट ध्यानात आली. भाकरी करपली तर दोष भाकरीचा नाही, भाजणाऱ्याचा. पाने सडली तर दोष पानांचा नाही, ती राखणाऱ्याचा. आणि घोडा अडला तर दोष घोड्याचा नाही, ज्याच्या हाती तो आहे त्याचा! आमच्या कोण्या अज्ञात पूर्वजाने एका खेळकर कोड्यात घोड्याच्या बाजूने केवढा मोठा निवाडा देऊन ठेवला आहे.

घोडा आणि स्वार यांच्याविषयी जगात पुष्कळ लिहिले गेले. या दिवाळीच्या निवांत चार दिवसांत त्यातली काही पुस्तके पुन्हा चाळली आणि प्रत्येकाला हाच प्रश्न विचारून पाहिला : घोडा का अडला? कोणत्या लेखकाला हा प्रश्न पडला, कोणाला पडलाच नाही, आणि उत्तर कोणी घोड्याकडे पाहून दिले नि कोणी केवळ स्वाराकडे पाहून, हे तपासू लागलो तेव्हा परिचित पुस्तकांचे चेहरे थोडे निराळे दिसू लागले. तेच वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निष्ठा आणि विश्वास हे शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु ते एक नव्हेत. निष्ठा एकट्याला ठेवता येते. धनी कसाही असो, सेवक निष्ठावंत राहू शकतो. किंबहुना धनी जितका नालायक तितकी त्याची निष्ठा अधिक उठून दिसते. विश्वासाला मात्र दोघे लागतात. एकाने तो ठेवावयाचा आणि दुसऱ्याने त्याला पात्र व्हावयाचे. आपण घोड्याची निष्ठा मनसोक्त गायिली. स्वाराच्या पात्रतेची चौकशी मात्र फारशी केली नाही.

चेतकाचीच गोष्ट घ्या. १५७६ सालच्या जून महिन्यात हळदीघाटात लढाई झाली. जखमी चेतकाने राणा प्रतापला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला आणि पलीकडे प्राण सोडला, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. यात इतिहास किती आणि आख्यायिका किती, हा वाद येथे नको. ही गोष्ट ऐकून ज्याचा कंठ दाटत नाही त्याच्याशी साहित्याविषयी बोलण्यात अर्थ नाही. पण ती सांगताना आपण काय सांगतो? चेतक अडला नाही, हे. न अडणे हीच त्याची थोरवी. त्या एका उडीच्या मागे राणाने आणि चेतकाने एकत्र घालवलेली जी वर्षे असतील, खरारा करणारा हात, चंदीचा तोबरा, रोजची फेरी, दोघांनी एकमेकांची ओळखलेली चाल, त्यांविषयी आख्यायिका चकार शब्द काढीत नाही. तिला अखेरची उडी हवी असते. उडीची तयारी तिला नको असते.

वस्तुतः आपल्याकडे ही तयारी ठाऊक असणारे लोक थोडे नव्हते. मराठ्यांच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा व आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचा घोडा मेला म्हणजे त्याचे घरच बसले. अशा माणसाने आपल्या जनावराकडे किती बारीक लक्ष दिले असेल! परंतु हे ज्ञान पागेत राहिले, मोतद्दारांच्या बोटांत राहिले. बखरकारांनी घोडी मोजली. त्यांचे मन मोजायला त्यांना सवड झाली नाही.

ही सवड एका ग्रीक सेनानीला मात्र झाली. झेनोफन हा अथेन्सचा, सॉक्रेटिसाच्या सहवासात वाढलेला. इराणच्या अंतर्भागात अडकलेल्या दहा हजार ग्रीक सैनिकांना माघारी आणणाऱ्यांत तो एक होता. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात त्याने अश्वारोहणावर एक लहानसे पुस्तक लिहिले. त्यात अलंकार नाहीत, घोड्यावर उधळलेली स्तुतिसुमनेही नाहीत. शिंगराला माणसाची गोडी कशी लावावी हे तो सांगतो : भूक, तहान आणि माश्यांचा जाच एकटेपणी व्हावा, खाणे, पिणे आणि त्या जाचातून सुटका माणसाच्या हातून व्हावी. कोणत्या जागी हात फिरविला असता घोडा सुखावतो, हेही तो सांगतो : जेथे केस दाट आहेत, आणि जेथे त्याचे स्वतःचे तोंड पोहोचत नाही, तेथे. रागाच्या भरात घोड्याशी कधीही व्यवहार करू नये, हा त्याचा फार मोठा नियम.

आणि घोडा अडला तर? रस्त्यात काही पाहून तो बुजला तर? झेनोफनचे उत्तर आजही वाचण्यासारखे आहे. फटके मारून पुढे रेटू नका, असे तो बजावतो. कारण ज्या क्षणी तो भयभीत आहे त्याच क्षणी तुम्ही त्याला वेदना देता. मग ही वेदना त्या समोरच्या वस्तूमुळेच झाली असे त्याला वाटते आणि त्याचे भय दुणावते. त्यापेक्षा स्वतः त्या वस्तूपाशी जा, तिला हात लावून दाखवा आणि घोड्याला हळुवारपणे तिच्याजवळ न्या. या सल्ल्यात एक विलक्षण गोष्ट आहे. झेनोफनने घोड्याच्या डोळ्यांतून रस्त्याकडे पाहिले आहे. ललित साहित्य ज्याला सहानुभूती म्हणते तिचा इतका निखळ नमुना एका लष्करी हस्तपुस्तिकेत सापडावा, ही गंमत नव्हे काय?

अलेक्झांडर आणि ब्यूसेफेलस यांची प्लूटार्कने सांगितलेली कथा याच जातीची आहे. कोणालाही पाठीवर बसू न देणारा तो घोडा परत पाठवावयाचे ठरत होते. पोरसवदा अलेक्झांडरच्या ध्यानात आले की घोडा स्वतःच्या सावलीला बुजतो आहे. त्याने त्याचे तोंड सूर्याकडे वळविले, थोडे थोपटले आणि मग मांड टाकली. सांगणारे येथे अलेक्झांडरच्या शौर्याचे कौतुक करतात. माझ्या मते या कथेत शौर्य दुय्यम आहे. त्या मैदानावर थोर थोर अश्वपरीक्षक जमले होते. घोड्याला काय दिसते आहे हे पाहण्याचे सुचले ते एका मुलाला. पुढे इ. स. पू. ३२६ मध्ये झेलमकाठी पोरसाशी लढाई झाली, त्यानंतर तो घोडा मेला आणि अलेक्झांडरने त्याच्या नावाने एक नगर वसविले. नगर वसविणे राजाला सोपे असते. सावली ओळखणे अवघड होते.

ही दृष्टी केवळ ग्रीकांची होती असे मात्र कोणी समजू नये. महाभारताच्या वनपर्वातले नलोपाख्यान आठवा. मराठी वाचकाला नळराजा आठवतो तो रघुनाथ पंडितांच्या आख्यानातल्या हंसामुळे. पण व्यासांच्या नळाची खरी विद्या घोड्यांची आहे, आणि तिचे नावच मोठे सुंदर आहे : अश्वहृदय. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्ण राजाकडे सारथी म्हणून राहतो. एका दिवसात विदर्भ गाठावयाचा असतो. बाहुक पागेत जातो आणि कृश दिसणारे घोडे निवडून आणतो. राजा चिडतो; असली हडकुळी जनावरे एवढी मजल कशी मारणार, असे त्याला वाटते. राजा रथावर चढताच ते घोडे गुडघ्यांवर खाली येतात. म्हणजे घोडे अडले, तेही निघण्यापूर्वीच! या ठिकाणी दुसऱ्या कोणी आसूड उगारला असता. बाहुक त्यांना चुचकारतो, शांत करतो, आणि मगच लगाम हाती घेतो. पुढे रथ वाऱ्यासारखा जातो हे आपल्याला ठाऊक आहे.

व्यासांच्या प्रतिभेचा खरा प्रत्यय मात्र त्यानंतर येतो. कुंडिनपुरात नळाचे जुने घोडे आधीच आणलेले असतात. बाहुकाच्या रथाचा घोष कानी पडताच ते घोडे हर्षित होतात, पूर्वी नळ जवळ असताना होत तसे. बाहुक कोण, याची परीक्षा दमयंतीला पुढे कितीतरी प्रकारे घ्यावी लागते. घोड्यांना एकही परीक्षा लागत नाही. रूप पालटले, नाव पालटले, तरी लगाम धरणारा हात तोच आहे हे त्यांना आवाजावरून कळते. विश्वास म्हणजे काय हे सांगण्यासाठी याहून अधिक काही लिहिण्याची गरज व्यासांना वाटली नाही.

पण विश्वासाला एक दुखरी बाजूही असते, आणि ती पाहावयाची तर अश्वघोषाच्या बुद्धचरिताकडे वळले पाहिजे. सिद्धार्थ मध्यरात्री घर सोडतो तेव्हा कंथक घोड्याला कुरवाळतो आणि जणू बरोबरीच्या मित्राला लढाईत साथ मागावी तसे त्याच्याशी बोलतो. अरण्यात निरोप घेताना कंथक त्याचे पाय चाटतो, कढत आसवे गाळतो, आणि राजपुत्र त्याच्या अंगावरून हात फिरवून त्याची समजूत घालतो. हा प्रसंग अनेकांनी वर्णिला आहे. अश्वघोष त्याच्या पुढे जातो. रिकाम्या पाठीने परतलेल्या कंथकाला पाहून यशोधरा शोकाच्या भरात त्यालाच दोष देते : आज एवढा खिंकाळतोस, मग त्या रात्री मुका का झाला होतास? म्हणजे तिचा प्रश्न आपल्या कोड्याच्या उलटा आहे. घोडा का अडला नाही? छंदक सारथी उत्तर देतो की ही सारी देवांची करणी, त्या रात्री टापांचा आवाजही झाला नाही. यशोधरेचे समाधान झाले असेल असे मला वाटत नाही. एकाशी राखलेला विश्वास दुसऱ्याचा घात ठरू शकतो, आणि जो बोलू शकत नाही त्याच्यावरच सारा ठपका येतो, हे सत्य एका महाकाव्याने एका घोड्याच्या निमित्ताने सांगितले. घोड्याच्या मुकेपणाचा एवढा अर्थपूर्ण उपयोग मला दुसरीकडे क्वचितच आढळला.

मुक्या जनावराला वाचा देण्याचे काम पुढे एका आजारी इंग्रज बाईने केले. ॲना स्यूवेल लहानपणी पडून पायांनी अधू झाली. कुठेही जावयाचे तर तिला घोड्याच्या गाडीखेरीज गती नव्हती; म्हणजे घोडे हेच तिचे पाय होते. आयुष्याच्या अखेरीस, बहुतांशी अंथरुणावर पडून, तिने आपली एकमेव कादंबरी लिहिली. ‘ब्लॅक ब्यूटी’ १८७७ साली प्रसिद्ध झाली आणि काही महिन्यांतच, १८७८ मध्ये, लेखिका वारली. हे घोड्याचे आत्मचरित्र असल्याने तिने स्वतःला केवळ भाषांतरकार म्हणवून घेतले.

या पुस्तकात आपल्या प्रश्नाला एक नवेच उत्तर मिळते. वादळी पावसात, अंधारात, गाडी नदीवरील पुलाशी येते. ब्यूटीच्या पायांना काहीतरी वेगळे जाणवते आणि तो जागच्या जागी उभा राहतो. धनी चांगला आहे, गाडीवान जॉन तर घोड्यांचा मोठा जाणकार. तरीही चाबूक बसतो. घोडा हलत नाही. इतक्यात पलीकडचा नाकेदार मशाल हलवून ओरडतो : पूल मध्येच वाहून गेला आहे! झेनोफनचा घोडा भयाने अडतो. स्यूवेलबाईंचा घोडा ज्ञानाने अडतो. म्हणजे भागीदारीत कधी कधी माणसाने ऐकावयाचे असते. ज्याला ‘नाही’ म्हणण्याची मुभाच नाही त्याच्या ‘हो’ला किंमत कितीशी असणार?

याच पुस्तकातले आणखी एक प्रकरण मी दर वेळी थांबून वाचतो. रात्री डॉक्टरांना आणण्यासाठी ब्यूटी जीव तोडून धावतो. घामाने निथळत परतलेल्या त्या घोड्याला जो नावाचा लहानगा पोरगा मोठ्या मायेने पोटभर गार पाणी पाजतो आणि अंगावर घोंगडी घालीत नाही. घोडा मरता मरता वाचतो. पोराच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हते, असे कोणी म्हणताच जॉन संतापतो. अज्ञान हा त्याच्या लेखी लहान गुन्हा नव्हे. मुलांसाठी लिहिलेल्या मानल्या जाणाऱ्या पुस्तकात माया पुरेशी नाही, माहितीही हवी, असे सांगण्याचे धाडस आहे. आम्हां आईबापांना ते अधिक लागू आहे, हे वेगळे सांगावयास नको.

अर्थात स्यूवेलबाईंच्या कादंबरीत उणिवा आहेतच. तिच्यात उपदेश फार आहे. सज्जन गाडीवान आणि दुर्जन गाडीवान सहज ओळखू यावेत असे उभे केले आहेत. शिवाय ब्यूटी स्वभावाने थेट त्या काळच्या इंग्रजी घरातला आदर्श नोकर आहे : कष्टाळू, नम्र, आणि चांगल्या धन्याची वाट पाहणारा. धनी असावाच का, हे विचारणे त्याच्या मनातही येत नाही.

ते विचारले टॉलस्टॉयच्या घोड्याने. ‘खोल्स्तोमेर’ ही दीर्घकथा टॉलस्टॉयने १८६३ च्या सुमारास आरंभिली आणि ती १८८६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक म्हणजे एक म्हातारा, खच्ची केलेला, अबलख घोडा. तरुण घोडी त्याला छळतात. मग रात्रीमागून रात्री तो त्यांना आपली कहाणी सांगतो. त्याला माणसांच्या भाषेतला एक शब्द काही केल्या उमजत नाही : ‘माझे’. जो मला ‘माझा घोडा’ म्हणतो तो माझ्यावर बसत नाही, मला चारा घालीत नाही. चारा घालणारा निराळाच असतो! मग ‘माझा’ म्हणजे काय? आपल्या बारगीर-शिलेदारांच्या फरकाला या प्रश्नाने एकदम नवा उजेड मिळतो. मालकी कागदावर असते. विश्वास चारा घालणाऱ्या हाताशी जुळतो.

आणि तरीही खोल्स्तोमेर प्रेम करतो ते मालकावरच, सेर्पुखोव्स्कोय नावाच्या देखण्या, श्रीमंत, कोणावरही प्रेम न करणाऱ्या सरदारावर. एके दिवशी त्याची मैत्रीण दुसऱ्याबरोबर निघून जाते. तिला गाठण्यासाठी तो घोड्यावर चाबूक ओढीत त्याला मैलोन्‌मैल पिटाळतो. घोडा अडत नाही. अडला असता तर वाचला असता. त्या दौडीत तो कायमचा नासतो आणि विकला जातो. कित्येक वर्षांनी सर्वस्व उधळून बसलेला सेर्पुखोव्स्कोय पाहुणा म्हणून येतो. म्हातारा घोडा त्याला ओळखून खिंकाळतो. तो घोड्याला ओळखीत नाही. पण जेवणाच्या वेळी आपल्याकडे पूर्वी केवढा अप्रतिम अबलख घोडा होता याच्या बढाया मात्र मारतो! नळाचे घोडे रथाच्या आवाजावरून धनी ओळखतात; येथेही घोडा ओळखतो, पण धनी मात्र समोर उभ्या असलेल्या घोड्याला ओळखत नाही. चेतकाच्या कथेत जी थोरवी ठरली, ती न अडण्याची वृत्ती येथे शोकांतिकेचे कारण होते. फरक घोड्यांत नाही. फरक पाठीवर कोण आहे, लगाम कोणाच्या हाती आहे, यात आहे. म्हणून या विषयावर लिहिलेल्या सर्व पुस्तकांत मी टॉलस्टॉयच्या कथेला पहिला मान देईन.

कोणी म्हणेल, हे सारे माणसांनी घोड्यांच्या तोंडी घातलेले बोल. घोड्याला यातले काय कळते? या शंकेला बर्लिनच्या एका घोड्याने नकळत उत्तर दिले आहे. हान्स नावाचा हा घोडा टाप आपटून गणिते सोडवितो अशी विसाव्या शतकाच्या आरंभी ख्याती झाली होती. ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ साली दाखवून दिले की हान्सला गणित मुळीच येत नाही. समोरचा माणूस बरोबर आकड्याशी नकळत जी किंचित हालचाल करतो ती तो टिपतो आणि थांबतो. लोक म्हणाले, घोडा ढोंगी निघाला! मला वाटते, घोडा फार मोठा वाचक निघाला. ज्या हालचाली माणसाला स्वतःलाही ठाऊक नव्हत्या त्या त्याने वाचल्या. पाठीवर बसलेल्या स्वाराची भीती, घाई, राग हे सारे अशाच रीतीने त्याच्यापर्यंत पोहोचत असले पाहिजे. रागात घोड्याशी वागू नये, या झेनोफनच्या नियमाचे मर्म येथे कळते.

आमच्या गावी स्टेशनावरून घरी येताना एक चढ लागे. पुष्कळसे टांगेवाले तेथे चाबूक काढीत. एक म्हातारा मात्र चढ आला की खाली उतरे, घोड्याच्या मानेवर हात ठेवी आणि त्याच्याबरोबर पायी चाले. उतारूंना उशीर होई; माझे काका कुरकुरत, “अहो मियाँ, घोड्याला बसवा आता टांग्यात!” म्हातारा हसे आणि चालत राही. त्याचा घोडा त्या चढावर अडलेला मी कधी पाहिला नाही. इतर टांगे अडत. मला वाटे, याचाच घोडा ताकदवान. आज वाटते, याचाच मालक शहाणा.

टांगे गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या, आणि त्या घोड्यांचे हाल ज्यांनी पाहिले होते त्यांना त्याचे वाईट वाटले नाही. तरी माथेरानला घोडे आहेत, लग्नाच्या वरातीत आहेत, दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेलेही कुठे कुठे दिसतात. सुट्टीत मुलांना घेऊन तेथे जाल तेव्हा त्यांना पाठीवर बसविण्यापूर्वी क्षणभर घोड्यासमोर उभे करा. त्याला त्यांचा हात हुंगू द्या. मानेवरून हात फिरवायला सांगा. घोडेवाल्याला त्या घोड्याचे नाव विचारा आणि त्याने दुपारी काय खाल्ले तेही विचारा. मग निघताना तो अडलाच, तर चाबकाकडे पाहण्याआधी मुलांना ते जुने कोडे घालून पाहा.